जोडलेले आहे, पण...

द्वितीय वर्ष कला

काही दुखणी अशी असतात, की डॉक्टरांच्या दारात पाऊल टाकताच ती पळून जातात. रात्रभर कण्हणारा माणूस सकाळी दवाखान्याच्या बाकावर बसला की त्याला ठणठणीत वाटू लागते, आणि घरी आला की पुन्हा तेच कण्हणे! गेल्या पावसाळ्यात माझ्या लॅपटॉपला असलेच दुखणे जडले. तो चार्ज होई आणि होत नसे. मुळीच होत नसता तर एक वेळ बरे होते. 'गेला' म्हणून रडून मोकळी झाले असते. पण आज होतो, उद्या होत नाही. दुपारी होतो, रात्री होत नाही, अशा या लहरी आजाराने मला तीन आठवडे छळले. त्या तीन आठवड्यांची ही हकिकत आहे. ती लॅपटॉपची आहे, थोडीशी माझी आहे, आणि खरे पाहता माझ्या आईची आहे.

आमचे गाव मंगळवेढा तालुक्यातले. काळे रान, ज्वारीचे पीक आणि पावसाची वाट पाहणारी माणसे. घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. आप्पा दुसऱ्याच्या रानात कामाला जातात. आई चौथी शिकलेली. ती गावातल्या बायकांची पोलकी शिवते. आमच्या घरात यंत्र म्हणावे असे एकच होते, ते म्हणजे आईचे शिलाई मशीन. त्याच्या शेजारी गेल्या वर्षी दुसरे यंत्र येऊन बसले. मुंबईला राहणाऱ्या मामाने ते जुन्या बाजारातून आणले. कचेऱ्यांतून तीन-चार वर्षे वापरून काढून टाकलेले लॅपटॉप स्वस्तात मिळतात, त्यांतलेच ते एक. किंमत बारा हजार रुपये. हे बारा हजार आईने बचत गटातून कर्जाऊ काढले. दर महिन्याच्या बैठकीला ती पदराच्या गाठीतून हप्ता काढून देते, तेव्हा मी शक्यतो तिथे थांबत नाही.

मला लॅपटॉपची गरज होती ती इतिहासाच्या प्रकल्पासाठी. 1972 च्या दुष्काळाच्या आमच्या गावातील आठवणी हा विषय सरांनी मला दिला होता. गावातली सत्तरी-ऐंशी ओलांडलेली माणसे शोधायची, त्यांचे बोलणे ऐकायचे, लिहून काढायचे आणि टंकलिखित करून सप्टेंबरात द्यायचे. माझी आजी त्या वर्षी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. सुकडीची चव सांगताना तिचा चेहरा कसा होतो, ते मी एका रात्री टंकत बसले होते. अचानक पडदा काळा झाला. चार्जर लावलेला होता, भिंतीवरचे बटण चालू होते, आणि तरीही बॅटरी संपली होती! दोन पाने गेली. ती पुन्हा लिहिली, पण आजीचे पहिल्यांदा उतरलेले शब्द काही परत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाहते तो कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चित्राखाली इंग्रजीत चार शब्द : 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग'. म्हणजे जोडलेले आहे, पण भरत नाही. मी वायर हलवली. ते शब्द गेले आणि चार्जिंग सुरू झाले. मी सुटकेचा श्वास टाकला. दहा मिनिटांनी पुन्हा तेच शब्द!

मी हे कोणाला सांगितले असेल असे तुम्हाला वाटते? कोणालाच नाही. आई मशीनवरून विचारी, "चालतंय न्हवं तुझं नीट?" आणि मी म्हणे, "हो, एकदम छान." बारा हजारांची वस्तू, त्यातले निम्मे हप्ते अजून फिटायचे, आणि ती नादुरुस्त झाली हे कोणत्या तोंडाने सांगायचे? आपणच काहीतरी चुकीचे दाबले असणार, ही भीती तर होतीच. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पुस्तके आहेत त्यांना कदाचित कळणार नाही. पण आमच्यासारख्यांना यंत्र बिघडले की पहिला संशय स्वतःचाच येतो.

मग गुपचूप उपाय सुरू झाले. पहिला संशय मी गावातल्या विजेवर घेतला. संध्याकाळी रानातले पंप सुरू झाले की आमच्याकडे व्होल्टेज पडते. पंखा रेंगाळतो आणि आई मशीनची छोटी मोटर सोडून पायाने मशीन चालवू लागते. मी ठरवले, दोष विजेचा. पण अडॅप्टर उलटा करून त्यावरची बारीक अक्षरे वाचली तेव्हा ती समजूत डळमळली. त्यावर लिहिले होते : इनपुट 100 ते 240 व्होल्ट. म्हणजे आपल्या घरातील 230 व्होल्टची वीज उतरत उतरत निम्म्याजवळ आली, तरी त्या डबीला चालणार होते. तिच्यातून बाहेर पडणारी वीज 19.5 व्होल्ट, 3.34 अँपिअर. गुणाकार केला तर 65 वॅट. इतके दिवस ही डबी माझ्या पायाशी पडली होती, पण तिच्या पाठीवर सगळे लिहिलेले आहे हे मी पाहिलेच नव्हते.

दुसरा उपाय एका मैत्रिणीने सांगितला. चार्जर काढायचा, बॅटरी काढायची, आणि चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरायचे, म्हणजे आत साठून राहिलेली वीज निघून जाते. मी तसे केले. आश्चर्य म्हणजे गुण आला! दोन दिवस लॅपटॉप निमूटपणे चार्ज होत राहिला. मी त्या बटणाला मनोमन नमस्कार केला. तिसऱ्या दिवशी पुन्हा बिघाड. पुन्हा बटण दाबले, पण या वेळी काही उपयोग झाला नाही.

तिसरा उपाय तालुक्याच्या एका दुरुस्तीवाल्याचा. एस. टी. ने लॅपटॉप मांडीवर घेऊन गेले. त्यांनी स्वतःची वायर लावली, आणि वर सांगितले तेच घडले. रोगी ठणठणीत! "ताई, काही झालेलं नाही याला," ते म्हणाले. आठवड्याने पुन्हा गेले तेव्हा तो त्यांच्यासमोरही चार्ज होईना. मला जवळजवळ आनंदच झाला. त्यांनी तो उघडलाही नाही. "मदरबोर्ड गेला. साडेसहा हजार होतील." परतीच्या गाडीत मी खिडकीतून बाहेर पाहत होते, पण मला काहीही दिसत नव्हते. साडेसहा हजार! म्हणजे आईची किती पोलकी?

त्या रात्री आईने मला पकडले. लॅपटॉपच्या वायरीखाली मी दोन पुस्तके रचली होती, वर एक उलथी वाटी ठेवली होती, आणि एका हाताने वायर दाबून धरून दुसऱ्या हाताने टंकत होते. आई दारात किती वेळ उभी होती कोण जाणे.

"किती दिस झालं हे?" तिने विचारले.

खोटे बोलण्यात अर्थ नव्हता. मी सगळे सांगितले. दुष्काळाची दोन पाने, बटण, दुरुस्तीवाला, साडेसहा हजार. रडलेही. मला वाटले होते, आई पैशाबद्दल बोलेल. ती म्हणाली, "आगं, मग सांगायचं न्हाईस? लपवून ठिवलेलं दुखणं कुणाला बरं करता येतंय?" आणि मग तिने जो प्रश्न विचारला तो दुरुस्तीवाल्यानेही विचारला नव्हता. "कवा चालतं आन् कवा बंद पडतं, ते बघितलंस का?"

मी पाहिले नव्हते. मी फक्त घाबरत होते.

आईने मला आपल्या मशीनजवळ नेले. "हे बघ, बाय. शिवताना दोरा तुटाय लागला की बाया आधी टेन्शनचा स्क्रू पिळत बसत्यात. तसं करू नये. स्क्रू सगळ्यात शेवटाला. आधी दोरा पुन्हा ओवायचा. तरी तुटला तर सुई बदलायची. तरी तुटला तर बॉबिन काढून आतला कचरा बघायचा. आन् एका टायमाला एकच करायचं. दोन केलीस तर गुण कुणाचा आला, कसं कळंल?"

मी चमकले. त्या दिवशी मी बटण दाबले होते, हे खरे. पण त्याच दिवशी मी टेबलही खिडकीकडून भिंतीकडे सरकवले होते! दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या आणि सगळे श्रेय बटणाला देऊन बसले होते.

आईने मापांची वही काढली. पुढच्या पानांवर छाती, कंबर, बाही अशा रांगा होत्या. मागचे कोरे पान उघडून तिने मला दिले. "यात मांड." मी पान आखले. तारीख, वेळ, कोणता बोर्ड, वायर कोणत्या बाजूने आली आहे, अडॅप्टरचा दिवा लागलेला आहे की नाही, आणि चार्ज होते की नाही. दुसऱ्या दिवसापासून मी नोंदी करू लागले. आश्चर्य असे, की नोंद करू लागल्यापासून माझी भीती कमी झाली. बिघाड झाला की पूर्वी पोटात गोळा येई; आता मी पेन शोधू लागे!

मग एकेक करून गोष्टी बाद होत गेल्या. भिंतीवरचा बोर्ड बदलला, शेजारच्या काकूंच्या घरी जाऊन लावून पाहिले. बिघाड तसाच, म्हणजे बोर्ड निर्दोष. भिंतीपासून अडॅप्टरपर्यंतची जाड वायर बदलली, तरी तसाच. आमच्या विभागातील मॅडमकडे त्याच जातीचा लॅपटॉप आहे. धीर करून त्यांना विचारले आणि त्यांचा अडॅप्टर एका दुपारपुरता मागून घेतला. त्यावरही माझा लॅपटॉप रुसलाच, आणि माझ्या अडॅप्टरवर त्यांचा मात्र सुरळीत चार्ज झाला. अडॅप्टरही सुटला. दोन्ही बाजूंनी करून पाहिल्यामुळे मनात शंका उरली नाही.

राहिली बॅटरी. तिची तपासणी कशी करावी हे मॅडमनीच दाखवले. लॅपटॉपमध्ये काळ्या रंगाची एक चौकट उघडते. तिच्यात 'पॉवरसीएफजी' आणि पुढे 'बॅटरीरिपोर्ट' अशी आज्ञा टंकली की तो स्वतःच आपला अहवाल लिहून देतो. त्यात दोन आकडे महत्त्वाचे. बॅटरी नवी असताना तिच्यात किती वीज मावत होती, आणि आज किती मावते. माझ्या बॅटरीचे आकडे होते 60,000 आणि 31,000 मिलिवॅट-तास. म्हणजे ती अर्धी म्हातारी झाली होती. ही लिथियम-आयन जातीची बॅटरी. ती 1991 मध्ये जपानमध्ये प्रथम बाजारात आली आणि तिच्यावरील कामासाठी 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघा शास्त्रज्ञांना मिळाले. त्यांपैकी जॉन गुडइनफ हे तेव्हा 97 वर्षांचे होते! ही बॅटरी भरण्या-रिकामे होण्याने आणि उष्णतेने हळूहळू थकते, हा तिचा धर्मच आहे. पण थकलेली बॅटरी लवकर संपते. वायर डावीकडे ओढली म्हणून ती भरायची थांबत नाही. म्हणजे जुनी असली तरी आमच्या खटल्यात ती आरोपी नव्हती. काही लॅपटॉपांत बॅटरी टिकावी म्हणून ऐंशी टक्क्यांवर भरणे थांबवण्याची सोय असते, तेही तपासले. पण तसे असते तर तो नेहमी एकाच आकड्यावर थांबला असता. माझा तर कधी बारावर थांबे, कधी चौसष्टावर.

आणि मग मापांच्या वहीने बोलायला सुरुवात केली. अकरा नोंदी झाल्या होत्या. त्यांतल्या सात वेळा चार्जिंग बंद होते, आणि सातही वेळा वायर डावीकडून ताणून आलेली होती. चार वेळा चालू होते, तेव्हा ती सरळ मागून आली होती. अडॅप्टरचा दिवा मात्र सगळ्या वेळी लागलेला होता. टेबल भिंतीकडे सरकवले तेव्हा दोन दिवस गुण का आला, हे आता उघड झाले. वायर सरळ झाली होती. आणि दुकानातल्या टेबलावर त्यांची वायर सरळच लागली असणार!

आईला वही दाखवली. तिने लॅपटॉपचे ते छोटे गोल भोक पाहिले, चार्जरची पिन आत घातली आणि सुईचा खिट्टा तपासावा तशी बोटाने हळूच हलवून पाहिली. "ढिलं झालंया," ती म्हणाली. "सुई सैल बसली की टाकं सुटत्यात, तसं."

दोष त्या जोडात होता. नंतर मॅडमनी समजावून सांगितले तेव्हा मला मोठी गंमत वाटली. या जातीच्या लॅपटॉपच्या चार्जरमध्ये मधोमध केसासारखी एक बारीक पिन असते. तिच्यातून मुख्य वीज जात नाही. तिच्यातून फक्त ओळख जाते. लॅपटॉप अडॅप्टरला जणू विचारतो, 'तू कोण? किती वॅटचा?' आणि अडॅप्टर उत्तर देतो, 'मी अमुक, 65 वॅटचा.' हे उत्तर आले की बॅटरी भरू लागते. जोड सैल झाला आणि उत्तर पोहोचले नाही, तर लॅपटॉप त्या विजेवर चालतो खरा, पण अनोळखी माणसाकडून काही घेऊ नये तसा बॅटरीत काही साठवून घेत नाही. वायर आणखी हलली की चालायचीही वीज तुटते आणि साठ्यावर दिवस काढावे लागतात. म्हणून ते शब्द : जोडलेले आहे, पण भरत नाही.

पुढचे थोडक्यात सांगते. आप्पांबरोबर सोलापूरला गेले. नवी पेठेजवळच्या एका लहानशा दुकानात वही उघडून दाखवली आणि म्हटले, "बोर्ड, वायर, अडॅप्टर, बॅटरी पाहून झाले. जॅक सैल आहे असे वाटते." त्या गृहस्थांनी वही वाचली, मागचे-पुढचे पान उलटले, आणि 'छाती 34, बाही 7' वाचून हसले. मग लॅपटॉप उघडला. हा जॅक मदरबोर्डाला चिकटवलेला नव्हता. तो एका छोट्या वायरीवर वेगळा बसवलेला होता. काढला, नवा घातला. सगळे मिळून साडेपाचशे रुपये. "कुणी शोधलं हे?" त्यांनी विचारले. मी म्हणाले, "आईने. ती पोलकी शिवते." आप्पा काहीच बोलले नाहीत, पण गाडीत बसल्यावर त्यांनी ती वही माझ्याकडून मागून घेतली आणि मंगळवेढा येईपर्यंत मांडीवर ठेवली.

प्रकल्प वेळेत दिला. लॅपटॉप आता रोज चार्ज होतो. बॅटरी म्हातारी आहे, दीड तासाच्या वर टिकत नाही. पण ते आम्हाला माहीत आहे, आणि माहीत असलेल्या दोषाबरोबर राहता येते.

एक गोष्ट मात्र अजून मनातून जात नाही, आणि ती सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. गेल्या वर्षी मी या महाविद्यालयात आले तेव्हा सहा महिने मी रोज वर्गात बसत होते. उपस्थिती शंभर टक्के. तास सुरू होता, सर बोलत होते, फळ्यावर शब्द उमटत होते आणि माझ्यात काहीही उतरत नव्हते. 'समाजरचना', 'अर्थव्यवस्था', 'ऐतिहासिक दृष्टिकोन' हे शब्द मी वहीत उतरवून घेत होते आणि घरी नेऊन पाठ करीत होते. सरांनी विचारले, "समजलं का?" की सगळ्यांबरोबर मीही मान हलवी. जोडलेली होते, पण भरत नव्हते. दोष माझ्या डोक्यात आहे, असेच मी धरून चालले होते. न उघडताच 'मदरबोर्ड गेला' असे मी स्वतःला सांगून टाकले होते.

या वर्षी एके दिवशी तासानंतर मी थांबले आणि सरांना म्हणाले, "सर, मला हे पहिल्यापासून समजलेले नाही." पाय कापत होते. सर रागावले नाहीत. त्यांनी आईच्याच अर्थाचा प्रश्न विचारला : "नेमके कुठपर्यंत समजते आणि कुठे सुटते?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना माझ्या लक्षात आले, की बरेचसे समजत होते, फक्त चार-सहा शब्दांशी माझी ओळख झालेली नव्हती. ओळख झाली आणि पुढचे आपोआप आत येऊ लागले. आमच्या बाकांवर माझ्यासारखे आणखी किती जण मान हलवीत बसले असतील, असे तेव्हापासून मला वाटत राहते. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की सांगून पाहा.

तो जुना सैल जॅक त्या गृहस्थांनी मला परत दिला होता. आईने तो फेकू दिला नाही. तिच्या गुंड्यांच्या डब्यात, हूक आणि जुन्या सुयांच्या शेजारी, तो ठेवलेला आहे. बचत गटाचा शेवटचा हप्ता येत्या मार्चमध्ये आहे. त्या बैठकीला मी आईबरोबर जाणार आहे.